पदवीची झेरॉक्स कोणाकडे आहे?

मी आयुष्यात एकदा मत विकलं आहे. किंमत एक प्लेट पोहे, अर्धा कप चहा आणि जीपमधली खिडकीची जागा. आपण विकतोय हे मला तेव्हा कळलंच नाही, असा बचाव मी बरेच दिवस स्वतःपुढे करत होतो. आता करत नाही.

निवडणूक होती विद्यापीठाच्या अधिसभेची, पदवीधर गटाची. साल 2022. मी तेव्हा छत्रपती संभाजीनगरात टीव्ही सेंटरजवळ तिघांत एक खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होतो. मतदानाच्या काही महिने आधी, ज्या तालुक्याच्या कॉलेजातून मी बी.ए. झालो तिथल्या एका सरांचा फोन आला. कॉलेजचं नाव घेत नाही. तुमच्या कॉलेजचं घातलं तरी गोष्ट बदलणार नाही.

"काय चाललंय? पदवीची झेरॉक्स अन् आधारची झेरॉक्स पाठवून दे बरं."

"कशाला सर?"

"पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदवायचंय तुझं. तू काही करू नको, आम्ही करतो सगळं. फॉर्मवर सही तेवढी गावाकडं आला की कर."

सरांनी चार वर्षांत पहिल्यांदा माझी आठवण काढली याचंच मला बरं वाटलं. झेरॉक्स पाठवली, दिवाळीत सही केली. मतदानाच्या दिवशी सिडको बसस्टँडजवळ जीप उभी होती. आत माझ्यासारखे नऊ जण. तालुक्याला उतरलो, पोहे खाल्ले आणि हातात एक चिठ्ठी आली. नावं आणि नावांपुढे आकडे, एक ते दहा. मत पसंतीक्रमाचं असतं, म्हणजे नुसता शिक्का मारायचा नसतो, कोण पहिला, कोण दुसरा असे आकडे लिहायचे असतात. मी ते चिठ्ठीतून जसेच्या तसे उतरवले. शाळेत पाढे उतरवायचो तसे. त्या दहापैकी एकाही माणसाचा चेहरा मी पाहिलेला नव्हता.

परत येताना जीपमध्ये एकानं विचारलं, "भौ, आपण मत कशाला दिलं ते तरी सांग." सगळे हसले. मीही हसलो.

हा लेख त्या हसण्याबद्दल आहे.

हे असतं तरी काय?

आधी एक गोंधळ मिटवू. 'पदवीधरची निवडणूक' म्हटलं की बहुतेकांना विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ आठवतो. तो वेगळा. तो आमदार निवडतो, आठ जिल्ह्यांतून निवडतो, त्याची मतदार यादी लाखांत जाते आणि त्याचे बॅनर क्रांती चौकात लागतात. मी बोलतोय ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या अधिसभेबद्दल. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतली चारशेहून जास्त कॉलेजं या विद्यापीठाखाली येतात.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 हा कायदा 1 मार्च 2017 पासून लागू आहे. त्यात अधिसभेला दोन कामं दिली आहेत. एक, विद्यापीठाच्या पैशाचा अंदाज आणि वाटप यावर शेवटचा शब्द. दुसरं, समाजाला काय वाटतं ते विद्यापीठाला सांगणं. अर्थसंकल्प तिच्यापुढे येतो, वार्षिक अहवाल येतो. कोणत्या भागात नवी कॉलेजं निघावीत, कोणते अभ्यासक्रम यावेत याचा पाच वर्षांचा बृहत आराखडाही तिच्यापुढे येतो. वर्षातून किमान दोनदा ती भरलीच पाहिजे.

तुमच्या गावापासून अकरा किलोमीटरवर एकही सायन्स कॉलेज नाही आणि दुसऱ्या एका गावात एकाच रस्त्यावर तीन आर्ट्स कॉलेजं आहेत, हे देवाच्या मनात आलं म्हणून झालेलं नाही. कुठल्या तरी बैठकीत कुठल्या तरी कागदावर कोणी तरी मान हलवली म्हणून झालेलं आहे. मान हलवणारा माणूस आपण निवडायचा होता. आपण जीपमध्ये होतो.

आता या सभेत बसतं कोण ते पाहा. प्राचार्यांचे 10, शिक्षकांचे 10, संस्थाचालकांचे 6, कुलपतींनी नेमलेले 10, अधिकारी, अधिष्ठाते, आमदार. आणि नोंदणीकृत पदवीधरांनी निवडलेले 10. त्यांतल्या पाच जागा राखीव: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त-भटके, इतर मागासवर्ग आणि महिला, प्रत्येकी एक.

या यादीत एक साधी गोष्ट दिसते. संस्थाचालकाला त्याच्या सहा जागा आहेतच. प्राचार्य त्याच्याच संस्थेत नोकरी करतो, शिक्षकही. त्यांच्यात ताठ कण्याची माणसं आहेत, मला माहीत आहेत, पण पगार कोण काढतो हे घरी बायकोलाही माहीत असतं. मग संस्थेच्या पगारावर नसलेला, संस्थेच्या विरोधात उभा राहून "त्या कॉलेजात प्रयोगशाळा आहे का, दाखवा" असं म्हणू शकणारा माणूस यायचा कुठून? कायद्यानं ती सोय पदवीधरांच्या दहा जागांत करून ठेवली आहे. आणि नेमक्या त्याच जागांची मतदार यादी संस्थांच्या ऑफिसात तयार होते. ज्याची तपासणी व्हायची, त्यानंच तपासनीस निवडायचा. आपल्याकडे लग्नात नवऱ्या मुलाचा मामाच मुलीकडच्या बाजूनं बोलणी करायला बसला, तर आपण त्याला काय म्हणू?

निवडणूक यादीतच होते

मतदानाच्या दिवशी जे होतं ती नुसती मोजणी. खरी निवडणूक काही महिने आधी झालेली असते, झेरॉक्स सेंटरवर.

अधिसभेसाठी पदवी असली म्हणून मत मिळत नाही. तुम्हाला स्वतः अर्ज करून 'नोंदणीकृत पदवीधर' व्हावं लागतं. विद्यापीठ दरवर्षी हजारोंनी पदव्या देतं, प्रत्येक पदवीधराचं नाव, पत्ता, जन्मतारीख, बैठक क्रमांक त्याच्याकडे असतो. पण मतदार व्हायला हे सगळं पुन्हा भरून द्यायचं. हा एवढासा उंबरठा कोण ओलांडतो? एक, ज्याला खरंच कळकळ आहे असा शंभरात एखादा. दोन, ज्याच्यासाठी दुसरं कोणी ओलांडतं. म्हणजे मी.

म्हणून ज्याच्याकडे कारकून जास्त, झेरॉक्स मशीन जास्त आणि जुन्या विद्यार्थ्यांचे फोन नंबर जास्त, तो मतदानाच्या आधीच निम्मा निवडून आलेला असतो. पैसे वाटायची गरज नाही. दारू नाही, पाकीट नाही. इतकी स्वच्छ दिसणारी लबाडी दुसऱ्या कुठल्या निवडणुकीत सापडणार नाही.

यादीच्या हातात किती ताकद असते हे मुंबईनं दाखवलं. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर गटाची निवडणूक 2023 च्या सप्टेंबरमध्ये व्हायची होती. यादीत नव्वद हजारांहून जास्त नावं होती. ऑगस्टमध्ये ती निवडणूक अचानक थांबवली. नव्यानं नोंदणी झाली, तेव्हा यादी उरली तेरा हजारांच्या आसपास. मतदान व्हायला 24 सप्टेंबर 2024 उजाडला, तोही उच्च न्यायालयानं 'घ्या' म्हटल्यावर, कारण आदल्या क्षणी पुन्हा एकदा ती पुढे ढकलली होती. कोण जिंकलं, कोण हरलं हे बाजूला ठेवा. मुंबईसारख्या शहराच्या विद्यापीठाचे दहा प्रतिनिधी निवडायला तेरा हजार माणसं. आमच्या एका मोठ्या गावच्या ग्रामपंचायतीच्या यादीशी तुलना करावी असा हा आकडा.

बाहेर काय चालतं? अमेरिकेत कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजं आहेत, आपल्या तालुक्याच्या कॉलेजसारखी: जवळची, स्वस्त, नोकरी करत शिकणाऱ्यांची. त्यांची नियामक मंडळं त्या भागातले साधे मतदार निवडतात. पदवी असो नसो. मुलाला कॉलेजात पाठवणारा दुकानदारही तिथे मत देतो, कारण कॉलेज त्याच्या कराच्या पैशावर चालतं. आणि ऑक्सफर्डसारखं शेकडो वर्षांचं विद्यापीठ घ्या. तिथे कुलपती निवडायचा मान माजी विद्यार्थ्यांना आहे. पूर्वी त्यासाठी झगा घालून प्रत्यक्ष हजर राहावं लागे. 2024 मध्ये त्यांनी ती निवडणूक ऑनलाइन घेतली. झगे घालणारे लोक बदलले. आपण अजून झेरॉक्सवर आहोत.

या गेटचं नाव विसरू नका

दरवर्षी 14 जानेवारीला विद्यापीठाच्या गेटसमोर गर्दी होते. तुम्ही शहरात असाल तर तुमच्या स्टेटसला त्या गेटचा फोटो असतो. माझ्याही असतो.

हे विद्यापीठ 23 ऑगस्ट 1958 ला सुरू झालं. त्याआधी 1950 मध्येच बाबासाहेबांनी याच शहरात कॉलेज काढलं होतं, जे पुढे मिलिंद महाविद्यालय झालं. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं विद्यापीठाला त्यांचं नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटला. घरं जळली, माणसं मारली गेली. पोचीराम कांबळे त्याच वर्षी गेले. 1979 ला नागपूरहून लाँग मार्च निघाला. 1993 मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 ला. एका पाटीवरच्या नावासाठी सोळा वर्षं.

ती पाटीची लढाई नव्हती, हे आपण सगळे भाषणात म्हणतो. ती विद्यापीठ कोणाचं, या प्रश्नाची लढाई होती. मग त्या प्रश्नाचं उत्तर ज्या सभागृहात दरवर्षी दिलं जातं, तिथल्या दहा खुर्च्या आपण एका प्लेट पोह्यांवर सोडून देतो, त्याचं काय? गेटचा फोटो स्टेटसला आणि गेटच्या आतली सत्ता दुसऱ्याच्या खिशात. हे मी दुसऱ्या कोणाला म्हणत नाही. 14 जानेवारीला फोटो टाकणारा आणि जीपमध्ये हसणारा माणूस एकच होता.

"निवडणुका आल्या की मारामाऱ्या येतात"

माझी बहीण बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तालुक्याच्याच एका कॉलेजात. प्रयोगशाळा शुल्क भरते. वर्षभरात तिनं टायट्रेशन हातानं दोनदा केलं. बाकीचे प्रयोग वहीत 'केले'. मी तिला म्हटलं, कॉलेज विकास समितीकडे अर्ज दे. ती म्हणाली, ते काय असतं?

2016 च्या कायद्यातलं कलम 97. प्रत्येक संलग्न कॉलेजात विकास समिती असली पाहिजे. अध्यक्ष संस्थेचा, पण तिच्यात शिक्षकांनी निवडलेले सदस्य हवेत, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा एक हवा, आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिवही हवेत. कॉलेजचा खर्च, सोयी, शिकवणं यावर बोलायची जागा तीच. बहिणीनं ऑफिसात जाऊन विचारलं, आपल्या विद्यार्थी परिषदेचा अध्यक्ष कोण? क्लार्कनं चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाला, "तुला व्हायचंय का?" आणि हसला.

तेच हसणं. जीपमधलं.

महाराष्ट्रात कॉलेजातल्या थेट निवडणुका गेल्या पिढीत बंद झाल्या. 1989 मध्ये मुंबईत एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला, वातावरण बदललं, आणि 1994 च्या कायद्यानं निवडणुकीऐवजी गुणवत्तेवर नेमणूक आणली. 2016 च्या कायद्यानं कलम 99 मध्ये थेट निवडणूक परत आणली. 2019 मध्ये ती होणार असं जाहीर झालं, मग विधानसभेची निवडणूक आली म्हणून पुढे ढकलली, मग करोना आला. माझ्या बहिणीनं अजून मतपत्रिका पाहिलेली नाही.

मला ज्येष्ठ लोक सांगतात, बरंच झालं. निवडणुका म्हटलं की पक्ष येतात, जात येते, हॉकी स्टिक येतात. हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. आमच्या भागात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनंतर भावाभावांनी एकमेकांच्या शेतातून पाणी बंद केलेलं मी पाहिलं आहे. पण या आक्षेपाला माझे तीन प्रश्न आहेत.

पहिला: मारामारीवर उपाय बंदी हाच असेल, तर ग्रामपंचायत, सोसायटी, बाजार समिती, सगळंच बंद करायला हवं. ते कोणी म्हणत नाही. बंदी फक्त अठरा ते बावीस वयाच्या पोरांवर का? लोकसभेला मत द्यायला अक्कल पुरते आणि वर्गप्रतिनिधी निवडायला कमी पडते?

दुसरा: नियम आधीच आहेत. लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्येच लागू करायला सांगितल्या. उमेदवाराचा खर्च पाच हजार रुपयांपर्यंत, छापील पोस्टर बंद, हजेरीची अट. पाळून तर पाहा.

तिसरा आणि मला सगळ्यात महत्त्वाचा: कॉलेजात निवडणूक नाही म्हणून कॉलेजात राजकारण नाही, असं तुम्हाला वाटतं का? राजकारण आहेच. फक्त ते एकाच बाजूनं आहे. संस्थेच्या अध्यक्षाचा वाढदिवस कॉलेजच्या मैदानात होतो, पोरं टाळ्या वाजवायला बसवतात, ते राजकारण नाही. आणि पोरीनं लॅबमधल्या रसायनांचा हिशोब मागितला की ते मात्र राजकारण!

ज्या मुलानं कॉलेजात कधी मत दिलं नाही, प्रश्न विचारला नाही, हरण्याचा अनुभव घेतला नाही, त्याला पदवीनंतर अधिसभेचं मत म्हणजे एक चिठ्ठी वाटणारच. मला वाटली. मी आयुष्यात पहिल्यांदा शिक्षणाबद्दल मत देत होतो आणि ते कसं द्यायचं असतं हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. पोहे कसे खायचे ते येत होतं.

मग काय करायचं

मागण्या अवघड नाहीत. पदवी मिळाली की पदवीधर आपोआप मतदार झाला पाहिजे. विद्यापीठाकडे सगळी माहिती आहे, अर्ज कशाला? नोंदणी करायचीच असेल तर ती ज्याची त्यानं, स्वतःच्या मोबाइलवरून. गठ्ठ्यानं आलेले अर्ज घेऊच नयेत. अधिसभेची बैठक थेट दाखवावी. विधानसभेचं कामकाज घरबसल्या दिसतं, विद्यापीठाचं का नाही? आपण निवडलेल्या सदस्यानं वर्षभरात किती प्रश्न विचारले हे आपल्याला पाहता आलं पाहिजे. आणि कलम 99 आहे, तर कलम 99 प्रमाणे निवडणूक घ्या. नसेल घ्यायची तर कायद्यातून काढून टाका आणि तसं तोंडावर सांगा. कायद्यात ठेवून न घेणं ही सर्वांत वाईट तऱ्हा, कारण त्यातून पोरं एकच गोष्ट शिकतात: कायद्यात लिहिलेलं काही खरं नसतं.

पण या मागण्या मान्य करायच्या कोणी? आजच्या यादीवर निवडून येणाऱ्यांनी. ते कशाला करतील? म्हणून शेवटी वळून आपल्याकडेच यावं लागतं.

2022 मध्ये निवडलेल्या अधिसभेची पाच वर्षांची मुदत 2027 मध्ये संपते. नोंदणी त्याआधीच सुरू होणार. तुमच्या फोनवर तेव्हा कोणाचा तरी प्रेमळ फोन येईल. ज्यांनी चार वर्षं 'जिवंत आहेस का' विचारलं नाही त्यांचा. त्यांना वाईट बोलू नका, बिचाऱ्या सरांवरही वरून दबाव असतो, दोनशे नावं आणा म्हणून. फक्त झेरॉक्स देऊ नका. अर्ज स्वतः भरा. वर्गातल्या पाच जणांना भरायला लावा, आणि त्यांना चिठ्ठी देऊ नका. उमेदवार भेटायला आला तर दोनच प्रश्न विचारा: मागचा अर्थसंकल्प तुम्ही वाचलात का, आणि तुमच्या स्वतःच्या किंवा नातलगाच्या संस्थेचा विषय निघाला तर तुम्ही बैठकीतून उठून जाल का? चेहऱ्यावरून उत्तर कळतं.

एवढ्यानं विद्यापीठ बदलेल असं मी म्हणत नाही. दहा जागांनी सगळं हलत नाही. पण त्या दहांतून दोन जण व्यवस्थापन परिषदेवर जातात, जिथे रोजचे निर्णय होतात. दोन माणसं 'नाही' म्हणाली तरी ते नोंदवावं लागतं. आज तेही नोंदवलं जात नाही, कारण म्हणणारं कोणी नसतं.

गेल्या महिन्यात सरांचा पुन्हा फोन आला. नोंदणीला वेळ आहे, पण कामाची माणसं आधीपासून यादी करतात.

"तुझी लहान बहीण पुढच्या वर्षी ग्रॅज्युएट होईल ना? तिची पण झेरॉक्स ठेवू आपण."

मी म्हणालो, "सर, आमचे अर्ज आम्हीच भरणार."

जरा वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "काहून? काही चुकलं का आमचं?"

काय सांगावं ते सुचलं नाही. "नाही सर," म्हटलं, "आमचंच चुकलं होतं."